श्वासाची रेघ
कपाशीवरच्या फवारणीचा उग्र वास आला की मला बाबांचा रुमाल आठवतो. फवारणीच्या औषधाने माणसाच्या पेशींत काय बिघडतं, ते मी तेव्हा इन्फ्रारेड किरणांच्या यंत्रावर तपासत होते. बाबा आमच्या देऊळघाट गावाहून पहिल्यांदाच माझी प्रयोगशाळा बघायला आले आणि कौतुकाने पार यंत्रावर वाकले. पडद्यावरच्या रेघेत भलतेच उंचवटे उठले. "बाबा, मांगं व्हा ना! तुमचा श्वास येऊन राह्यला त्याच्यात," मी ओरडले. "इतकासा श्वास बी दिसते याले?" म्हणत त्यांनी खिशातला रुमाल नाकातोंडावर करकचून बांधला. जन्मभर उघड्या तोंडाने फवारणीचा पंप मारलेला माणूस माझ्या पेशींसाठी तोंड बांधून उभा राहिला. मग निरोगी पेशींची रेघ आली, आणि तिच्याखाली औषध दिलेल्या पेशींची, जागोजाग खचलेली. बाबा कितीतरी वेळ त्या दुसऱ्या रेघेकडे बघत राहिले. पुढच्या हंगामात मी घरी गेले, तर बाबांच्या पाठीवर पंप आणि तोंडाला तोच रुमाल. शेजारच्या शेतातल्या काकांनी हटकलं, "काऊन बे, तोंड काऊन बांधलं?" बाबा ताठ झाले. "माह्या पोरीनं पाह्यलं हाये, आतमंधी काय होते ते!" आता मी आणून दिलेला चांगला मास्क ते लावतात, पण त्याच्यावरून रुमाल बांधतातच, कोणीतरी 'काऊन' म्हणून विचारावं यासाठी.