तीन मिनिटं हात हलला नाही तर

दौंडात स्टेशनच्या अलीकडं शंकररावांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं गौतमी ओव्हाळ कामाला होती. चोवीस वर्षांची. बाप सावळाराम रेल्वेत खलाशी. बारावीनंतर कॉलेज सुटलं, शिकणं सुटलं नाही. कॉम्प्युटरसोबत येणारी जाडजूड इंग्रजी पुस्तकं कुणी उघडत नाही. ही मात्र डिक्शनरी मांडीवर घेऊन ती पुस्तकं वाचायची आणि कळलं ते मराठीत वहीत उतरवायची. शिकवणारे सर वेगळे, त्यांचा मान वेगळा, पण मशीन अडली की सरांच्या तोंडून पहिला शब्द ‘गौतमी’ हाच निघायचा. क्लासच्या पाटीवर मात्र तिचं नाव कधी लागलं नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवतोय.

२००५ च्या दिवाळीनंतर शंकररावांनी एक जोडकाम धरलं. शिक्रापूरला रविराज नावाच्या माणसाचं ऑफिस होतं. कारखान्यांच्या यंत्रांची हलती चित्रं ते कॉम्प्युटरवर बनवायचे. साचा कसा उघडतो, दाब कसा पडतो, असली. एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात, आणि एकेक चित्र रंग-सावलीसकट पुरं करायला मशीन पाच-सात मिनिटं घाम गाळते. म्हणून ते काम पुष्कळ मशिनींत वाटायचं. क्लासच्या वीस मशिनी रिकाम्या असतील तेव्हा त्यांनी रविराजची चित्रं रंगवायची, असं ठरलं.

त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर वीस मशिनींवर बसवायचं गौतमीनं. एकेकीपुढं बसून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबायला तिला वेळ नव्हता. तिनं पुस्तकातून वाट काढली. बसताना सॉफ्टवेअर जे प्रश्न विचारतं, त्यांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची आणि आपल्या टेबलावरून एकच हुकूम सोडायचा. पडद्यावर काही दिसत नाही, समोरच्याला कुणी काही विचारत नाही. ती याला ‘मुकाट बसवणं’ म्हणायची. काढायचं तेही मुकाट.

त्या प्रश्नांत एक प्रश्न होता. किती मिनिटं हात लागला नाही, म्हणजे समोर माणूस नाही असं समजायचं? रविराज म्हणाला, तीन. गौतमीनं तीन लिहिलं.

जानेवारीत त्याच क्लासात सरकारमान्य परीक्षेचं केंद्र आलं. कासुर्डीच्या ललिता रणपिसेंना घेऊन मी आलो होतो; लोकांची कचेरीतली कामं घेऊन मी फिरायचो. त्यांचा नवरा एका कचेरीत शिपाई होता. तो वारल्यावर त्या अनुकंपेवर तिथंच कारकून लागल्या. अट अशी, की दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. एकतीस तारखेला दोन वर्षं भरत होती. आधी एकदा चार मार्कांनी हुकल्या होत्या. मुदतवाढ मिळाली असती कदाचित, पण त्यांच्या साहेबाशी मी टेबलावर हात आपटून भांडलो आणि ती वाट माझ्या हातानं बंद केली. तेव्हा आता हाच पेपर, हाच दिवस.

पन्नास प्रश्न, एक तास. प्रश्न पडद्यावर, उत्तर पडद्यावर, घड्याळ पडद्यावर. अकराला एकोणीस जण बसले. नऊ नंबरच्या मशीनचा उमेदवार आलाच नाही. बाहेरून आलेले पर्यवेक्षक जयसिंग सर यांनी नियम वाचला: क्लासच्या माणसानं कुणाच्या मशीनला हात लावायचा नाही, आणि मशीन बंद पडली तर तिथवरचा पेपर तोच पेपर. गौतमी भिंतीकडच्या मुख्य मशीनवर. मी बाहेर, खिडकीशी.

एरवी रविराजचं काम क्लास सुटल्यावर सोडायचे. त्या दिवशी घाईचं म्हणून शंकररावांनी सकाळीच रविराजच्या चित्रांची सीडी लावून काम चालू केलं आणि पाटसला लग्नाला गेले. गौतमीला ते माहीत होतं. माणसं बसलीत म्हटल्यावर मशिनी रिकाम्या समजल्या जाणार नाहीत, असा तिचा हिशेब.

पण आमची माणसं वाचतात कशी, ते त्या हिशेबात नव्हतं. ललिताबाई प्रश्न दोनदा वाचायच्या, ओठ हलवत. आणि वाचताना हात मांडीवर. शाळेत बाईंनी तशीच सवय लावलेली. तीन मिनिटं झाली की मशीनच्या लेखी खुर्ची रिकामी. लगेच तिनं रविराजचा साचा रंगवायला घ्यायचा.

सव्वाअकराला पहिला हात वर झाला. “सर, माऊस हलंना.” मग दुसरा, तिसरा. ललिताबाईंनी हात वर केला नाही. पडद्याकडं बघत बसल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. “ओ सर, बाईमाणसाची नोकरी हाय हितं. काय चाललंय हे?”

“तुम्ही आवाज केला तर मी केंद्रच बंद करीन,” जयसिंग सर म्हणाले.

गौतमीनं मान वर केली नाही. “दादा, माझ्यावर नंतर वरडा. आत्ता येळ न्हाई.”

तिनं मुख्य मशीनवरून काम थांबवलं होतं. पण एकेका मशीननं दहा-दहा चित्रं आधीच उचलून घेतली होती, ती पुरी केल्याशिवाय ती सोडणार नव्हती. सॉफ्टवेअर नुसतं बंद केलं तर ते आपोआप परत उठायचं. तेही रविराजनंच मागून घेतलेलं. आता ते काढण्याशिवाय गत नव्हती.

“सर,” ती म्हणाली, “सगळ्यांना सांगा, इचार करतानाबी माऊस हलवत ऱ्हावा.”

“हा कुठल्या उत्तराचा इशारा आहे का?”

“इशारा असता तर तुमच्याच तोंडून दिला असता व्हय?”

सरांनी तिच्याकडं बघितलं आणि सूचना दिली. ज्यांच्या मशिनी अजून चालू होत्या ते माऊस गोल गोल फिरवायला लागले, जात्यावर बसल्यासारखे. ज्या अडकल्या होत्या त्या अडकल्याच होत्या. चौदा नंबरला ललिताबाई. अठरावा प्रश्न. अकरा बावीस.

गौतमीनं मुकाट काढायचा हुकूम आधी नऊ नंबरवर सोडला, रिकाम्या मशीनवर. मिनिटभर काही नाही. मग नऊ नंबरचा पडदा काळा झाला आणि मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू झाली. म्हणजे सॉफ्टवेअर निघालं, पण जाताजाता मशीन बंद करून गेलं. हाच हुकूम एकदम सगळ्यांवर सोडला असता तर एकोणीस पेपर तिथंच संपले असते.

तिनं वही उघडली. ‘काढणे’ असं लिहिलेलं पान सापडलं. खाली पेन्सिलीनं एक ओळ होती, मशीन पुन्हा चालू करू नकोस, असं सांगणारा शब्द. वाचलेला, कधी वापरलेला नाही. त्याचा भरवसा धरायचा तर आधी बघायला पाहिजे. आणि बघायचं तर नऊ नंबरवर तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला पाहिजे. घड्याळ पळत असताना ही बाई जे काढायचं तेच पुन्हा बसवत होती. मला वाटलं हिला काय कळतंय का. पाच मिनिटं गेली बसवण्यात. मग नव्या हुकमानं काढलं. आम्ही तिघंही नऊ नंबरकडं बघत होतो. पडदा काळा झाला नाही.

“झालं ना?” मी खिडकीतून म्हणालो. “मग सोड सगळ्यांवर.”

“ती मशीन रिकामी व्हती, दादा. ह्यांच्यावर पेपर चालू हाय. न्हाई जमलं तर?”

“आगं पण येळ…”

ती उठली. जयसिंग सरांना म्हणाली, “मशीनला हात लावत न्हाई. फक्त इचारते.” सर तिच्या मागोमाग आले. चौदा नंबरपाशी जाऊन ती वाकली. “मावशी, मशिनीत एक काम घुसलंय, ते काढायचंय. निघालं तर चालू व्हईल. न्हाईतर बंद पडंल, आन् पेपर तेवढ्यावर जाईल. काढू?”

ललिताबाईंनी पडद्याकडं बघितलं. घड्याळ एकवीस मिनिटं उरलीत म्हणत होतं.

“आत्ता तरी कुठं चालू हाय? काढ बाई.”

गौतमी टेबलावर आली, चौदा लिहिलं, हुकूम सोडला. मी श्वास मोजत होतो. चाळिसाच्या पुढं गेलो तेव्हा ललिताबाईंच्या पडद्यावरचा बाण थरथरला आणि सरकला. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. अठराव्या प्रश्नावर वाकल्या.

मग गौतमी उरलेल्या अठरा जणांकडं गेली. एकेकापाशी वाकून तेच विचारलं, एकेकाचं ‘हो’ घेतलं. अकरा सत्तेचाळीसला सगळ्या मशिनी मोकळ्या झाल्या.

निकाल लगेच पडद्यावर यायचा. पासाला पंचवीस लागत होते, ललिताबाईंना अठ्ठावीस मिळाले. पायऱ्यांवर बसून त्या गौतमीला म्हणाल्या, “मला वाटलं माझंच डोकं अडलंय. म्हणून हात वर केला न्हाई.”

“चूक माझी व्हती, मावशी. तीन मिनिटं मीच लिहिली.” तिनं मग ते सगळं समजावून सांगितलं. ललिताबाई ऐकत राहिल्या.

चारला शंकरराव लग्नावरून आले. तोवर रविराजचा फोन येऊन गेला होता.

“कुणाला इचारून काढलं?”

“एकोणीस जणांला इचारून काढलं, आप्पा. बसवताना एकालाबी इचारलं नव्हतं.”

“लई शहाणी झालीस. उद्यापास्नं यिऊ नगंस.”

ती आठ दिवस घरी बसली. मी मोर्चा काढतो म्हणालो, ती म्हणाली थांबा. नवव्या दिवशी मुख्य मशीन उठेना, तेव्हा क्लासात शिकवणाऱ्या सरांनीच सायकल काढली आणि तिच्या घरी गेले. ती एका अटीवर आली: परीक्षेच्या आदल्या दिवशी ते सॉफ्टवेअर सगळ्या मशिनींवरून निघणार, परीक्षा संपल्यावर पुन्हा बसणार. आणि फाइलीत तीनच्या जागी तिनं साठ लिहिलं.

ललिताबाई नोकरीत कायम झाल्या. लोकांचे अर्ज घेऊन मी अजूनही त्यांच्या कचेरीत जातो. अर्ज वाचताना त्यांचे ओठ हलतात. डावा हात मांडीवर असतो, उजवा माऊसवर गोल गोल फिरत असतो. एकदा मी म्हणालो, “अहो बाई, तो पेपर कवाच संपला. आता कशाला फिरवता?”

“असू द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “परत मशिनीनं मी न्हाईच म्हणून धरलं म्हंजी?”