चार मिनिटं बारा सेकंद

भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा माणूस मी नव्हे. वय त्रेपन्न, नोकरी जमीन मोजणीची. फूट, मीटर, आणे-गुंठे यांत सत्तावीस वर्षं गेली. जे मोजता येत नाही त्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही, आणि आजही ठेवतो असं म्हणणार नाही. घडलं ते आकड्यांसकट लिहितो. कुणाला उलगडा झाला तर जरूर सांगा.

मी पेडण्याला राहतो. आठ वर्षांपासून दर रविवारी सायकल चालवतो. रस्ता ठरलेला – पेडणे, चांदेल, इब्रामपूर, पुलावरून नदी ओलांडून साळ, पुढे मेणकुरे, मुळगाव, सर्वण आणि डिचोली. माझ्या सायकलच्या कॉम्प्युटरवर एका बाजूचं अंतर बत्तीस किलोमीटर चारशे मीटर. डिचोलीला एका हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि चहा... मग परत.

यातली पाच वर्षं माझ्याबरोबर सदा होता. सदा मूळचा सिंधुदुर्गातला. खाणीवर ट्रक चालवायला इकडे आला, खाणींचे ट्रक बंद झाल्यावर शाळेची बस चालवू लागला. आमच्या घरामागे भाड्याने राहायचा. त्याला मधुमेह निघाला तेव्हा मीच मागे लागून त्याला जुनी सायकल घ्यायला लावली. लोखंडी, जड, मागचं मडगार्ड सतत खडखडणारं. स्क्रू आवळ म्हणून मी किती वेळा सांगितलं! त्याचं उत्तर ठरलेलं – "ऱ्हवांदे रे भाई. ह्यां वाजता म्हणान तुका कळता मी मागसून येतंय."

आमची पद्धत अशी होती. पहाटे साडेपाचला मी त्याला मिस्ड कॉल द्यायचा, सहाला दोघांनी निघायचं. पाणी तो कधीच आणत नसे, म्हणून मी साडेसातशे मिलिलिटरच्या दोन बाटल्या लावायचो – एक माझी, एक त्याची.

माझ्या मुलीने एकदा परदेशातला एक व्हिडिओ पाठवला होता. नदीचं खोरं, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, जुनी दगडी गावं आणि मधून सायकलवाले. मी सदाला दाखवला. तो म्हणाला, "ह्यात नवीन काय? नदी आपल्याक आसा, हळर्णाचो किल्लो आसा. द्राक्षांच्या जागी काजूचे बोंडू. फकत गोरे नाय."

"मग?"

"मगे काय? आपण दोघा आसव मां! तू जरा उजळ आसस, तू गोरो."

मेणकुऱ्याच्या अलीकडे एक चढ आहे, दोन किलोमीटर शंभर मीटर. माथ्यावर सातवणीच्या झाडाखाली राखणदाराची, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाची जागा. येणारा-जाणारा तिथे एक हिरवं पान ठेवून पुढे जातो. मला हा चढ नऊ मिनिटं वीस सेकंद लागायचा. सदाला साडेतेरा. म्हणजे सव्वाचार मिनिटांचा फरक, पाच-दहा सेकंद इकडेतिकडे. मी माथ्यावर कधी थांबलो नाही. सरळ उतार घ्यायचो आणि डिचोलीला जाऊन चहा सांगायचो. मागून सदा यायचा, घाम पुसत म्हणायचा, "तुझांय पान घातलंय देवाक. आता च्या तुझी."

थांबलो की वेगाचं अ‍ॅव्हरेज पडतं, असं मी त्याला सांगत असे. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या कॉम्प्युटरचं सेटिंग असं आहे की चाक थांबलं की अ‍ॅव्हरेजची वेळही थांबते. त्या माथ्यावर मी अर्धा तास बसलो असतो तरी अ‍ॅव्हरेज एका दशांशाने घसरलं नसतं. हे मला माहीत होतं. खरं कारण एवढंच की मला पुढे असणं आवडायचं.

गेल्या एप्रिलमध्ये काजूचा हंगाम जोरात होता, सगळ्या खोऱ्यात बोंडवांचा वास. सदा जागोजागी उतरत होता. डिचोलीला पोचला तेव्हा मी तिसरा चहा पीत होतो. त्याने रुमालात बांधून माझ्यासाठी बोंडू आणले होते, पिवळे, निवडून. हॉटेलात ओळखीचे चार जण बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "सदा, सायकल मारूची आसा तर मार, नायतर घराक बस. तुझ्यापायी माझां अ‍ॅव्हरेज जाता."

तो हसला. रुमाल टेबलावर ठेवला. "बरां रे भाई. घराकच बसतंय."

पुढच्या रविवारी मी मिस्ड कॉल दिला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भेट झाली की आम्ही बोलायचो, पाऊस-पाणी, बसचे टायर... सायकलचा विषय दोघांनीही काढला नाही. दसरा झाल्यावर एका पहाटे तो झोपेतच गेला. हृदय.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, रडत नव्हत्या. दारातल्या पायरीकडे बघत म्हणाल्या, "हे दर आयतवारी पाचाक उठत. बुटां घालून हय पायरेर बसत. म्हणत, आज भाई मिस्कॉल मारतलो. सात वाजले काय बुटां काढून ठेयत."

"दर रविवारी?"

"पावसातसुद्धा."

एप्रिलचा शेवट ते दसरा... रविवार मी मोजले आहेत. आकडा इथे लिहीत नाही.

बारावा झाल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी सायकल काढली. घड्याळात बरोबर सहा. हवा थंड, नदीवर पातळ धुकं. दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. सदा येत नव्हता तेव्हाही मी सवयीने दोन भरत असे आणि दुसरी तशीच भरलेली परत आणत असे.

मेणकुऱ्याच्या चढाला लागलो आणि शंभरेक मीटरवर मागून आवाज आला. मडगार्डचा. त्याच लयीत – पायडल दाबलं की खड्, सोडलं की खड्. वळणावर मान वळवून पाहिलं. रस्ता रिकामा. आवाज मात्र होता, आणि मी जसजसा वर गेलो तसतसा तो मागे पडत गेला. पाच वर्षं पडायचा तसाच.

मी काय केलं? खोटं लिहिणार नाही. मी पाय जोरात मारले. भीतीने की सवयीने, ते आजही ठरवता येत नाही. मला आठवतं ते एवढंच – डाव्या हाताला सातवण आली, गेली, आणि उतार लागला. मध्ये काही नाही. डिचोलीला पोचेपर्यंत मागे पाहिलं नाही.

चहा सांगितला आणि कॉम्प्युटर पाहिला. चाक फिरत होतं तो वेळ – एक तास तेहेतीस मिनिटं चाळीस सेकंद. निघाल्यापासूनचा एकूण वेळ – एक तास सदतीस मिनिटं बावन्न सेकंद. फरक चार मिनिटं बारा सेकंद.

मी कुठेही थांबलो नव्हतो. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सात अडतीस. म्हणजे एकूण वेळच बरोबर होता. घरी येऊन कॉम्प्युटरने नोंदवलेला रस्त्याचा नकाशा उघडला. डिचोलीपर्यंत थांबा एकच दाखवत होता – चढाच्या माथ्यावर, सातवणीपाशी.

आणि दुसरी बाटली. ती मी हॉटेलातच पाहिली होती. रिकामी. झाकण नीट लावलेलं, पण माझी पद्धत घट्ट आवळायची. हे अर्धवट फिरवलेलं. सदा तसं लावायचा आणि मी त्यावरूनही त्याला बोलायचो.

शंका तुम्हाला येतील त्या सगळ्या मलाही आल्या. शुद्ध हरपली असेल, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी, साखर, डोक्याचा स्कॅन – सगळं ठीक. म्हापशाच्या दुकानात कॉम्प्युटर तपासला, त्यात दोष नाही. पाणी भ्रमात मीच प्यालो असेन, हेही शक्य आहे. मनाला टोचणी होती, तिने आवाज ऐकवला असेल. मान्य. पण टोचणी सायकल उभी करते आणि ते आठवूही देत नाही, असं मी कुठे ऐकलं नाही.

त्यानंतर त्या रस्त्याने अकरा वेळा गेलो. आता दर वेळी माथ्यावर उतरतो, दोन पानं ठेवतो, घड्याळ लावून चार मिनिटं बारा सेकंद उभा राहतो. मागून आवाज येत नाही. दुसरी बाटली भरलेली परत येते.

हे वहिनींना सांगावं की नाही, यात महिना गेला. शेवटी एका संध्याकाळी गेलो आणि त्याच पायरीवर बसून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मला वाटलं होतं त्या घाबरतील किंवा चिडतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमी थांबलात," त्या म्हणाल्या.

"कॉम्प्युटर तसं म्हणतो, वहिनी. मला आठवत नाही."

"थांबलात मां? बरां झालां." पदराने त्यांनी डोळे टिपले. मग जरा पुढे सरकून, गावाहून आलेल्या माणसाला खुशाली विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मगे, तुमी चार मिनटां थय होतात. काय म्हणाले हे?"

  पाच वर्षांत कधी नाही, ते त्या दिवशी मी त्याच्यासाठी थांबलो, आणि तेवढंच मला आठवत नाही.