नानांच्या आईचा पदर

पांझरा नदीच्या एका जुन्या फोटोची खरी किंमत: नानांच्या डाव्या पायाची दोन बोटं.

स्कॅनिंग, प्रिंट, लॅमिनेशन हे सगळं नंतरचं. त्याचं बिल बँकेनं दिलं. बोटांचं कोणी विचारलंही नाही.

नाना म्हणजे आमचे धुळ्याचे, नदीपलीकडच्या देवपूरचे फोटोग्राफर नाना. आज सकाळी गेले.

मी सावद्याहून धुळ्यात आलो तेव्हा केळीच्या ट्रकांवर नंबर रंगवायचो. नानांनी स्टुडिओतला एक कोपरा दिला. आज माझ्या मशीनवर वीस फुटांची प्रिंट निघते, पण सुरुवात त्या कोपऱ्यातली.

स्टुडिओ नदीकाठी होता. एकदा पांझरेला पाणी आलं. माणसं कॅमेरे, खुर्च्या, पंखा काढत होती. नाना उलट कमरेएवढ्या पाण्यातून आत गेले आणि वडिलांच्या काचेच्या निगेटिव्हची पेटी डोक्यावर घेऊन आले. पायात पत्रा घुसला. त्यात शुगर. दोन बोटं काढावी लागली.

पेटीतल्या बाकी काचा फुटल्या. एकच वाचली.

तिच्यावर नदीचा काठ, पाण्याशी धुणं धुणारी एक बाई, आणि मागे आमच्या गावातली जुनी सहकारी बँक. तेव्हा नवीकोरी, पाटीही न लागलेली, दारात दोन पागोटेवाले.

नाना ती काच कोणाला हात लावू देत नसत. आम्ही समजायचो, बँकेमुळे.

यंदा बँकेनं हॉल नवा केला आणि भिंतभर जुना फोटो लावायचं ठरवलं. मी नानांकडून काच मागून घेतली. त्यांनी दिली. पहिल्यांदाच.

"भाऊ, सांभाळजो."

चेअरमनसाहेबांना मी ऐटीत सांगितलं, "साहेब, आपल्या दुकानातून चुकलेला फोटो बाहेर जात नाही."

स्कॅन मी स्वतः केला. दुसऱ्या कोणाच्या हातात काच द्यायची भीती वाटत होती.

उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली, टाळ्या झाल्या. मी कोपऱ्यात पोह्यांची प्लेट घेऊन लोकांचं ऐकत उभा. कान माझे पहिल्यापासून तिखट.

एक बाई म्हणाल्या, "ती धुणंवाली गुजराथी दिसते. पदर पाहा ना, उजव्या खांद्यावर."

आपल्याकडे काय, सुरत जवळ. असेल गुजराथी. स्कॅन करताना मीही हेच म्हटलं होतं आणि पुढे गेलो होतो.

मग एक जुने खातेदार शेजाऱ्याला म्हणाले, "का हो, बँक देवपूरच्या बाजूला कधी होती?"

मी प्लेट खाली ठेवली आणि फोटोकडे पाहिलं.

काचेला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मळकट. कुठली खाली ठेवायची, हे नानांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आणि मी त्यांचीच काच उलटी ठेवली होती. डावं ते उजवं झालं. अख्खी बँक उचलून नदीपार नेऊन ठेवली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

नाना. इस्त्रीचा शर्ट, काठी, दोन बोटांवाचूनचा पाय ओढत.

मी धावलो. "नाना, आधी चहा घेऊ."

"चहा घर बी भेटस."

"मग बसा तरी थोडं. गर्दी आहे."

"बसाले नही उनू भाऊ. फोटो देखाले उनू."

लोकांनी वाट करून दिली. नाना भिंतीजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बँकेकडे पाहिलंच नाही. त्या बाईसमोर उभे राहिले. हात वर केला, तिच्या खांद्यापर्यंत नेला आणि खाली घेतला.



चेअरमनसाहेब म्हणाले, "काय नाना, कसा वाटला?"



नाना म्हणाले, "मोठा शे."

सगळे हसले. मीही हसलो. पण मला माहीत होतं, नानांनी चूक पकडलीय.

परतीच्या रिक्षात नदीवरचा पूल आला. नाना खाली पाण्याकडे बघत म्हणाले,

"ती मनी माय शे. तिना पदर डावा खांदावर ऱ्हाये."

त्यांच्या आईचा दुसरा फोटो नव्हता. हाच एक, वडिलांनी बँकेचा काढताना ती मध्ये आली म्हणून निघालेला.

बोटं बँकेसाठी गेली नव्हती.

मी म्हटलं, "नाना, चुकलो. बँकही उलट्या काठावर गेली."

"बँक जाऊ दे. ती कोठे बी चालस."

दुसऱ्याच दिवशी नवी प्रिंट काढली. कॉम्प्युटरवर एका क्लिकचं काम. पण भिंतीवरची चिकटवलेली, खरवडून काढायची. त्यासाठी हॉल रिकामा हवा. बँक म्हणाली, मार्च होऊ द्या. मार्च झाला. मग म्हणाले, ऑडिट होऊ द्या.

नाना दर भेटीत विचारायचे, "बदलना का?"

मी दर वेळी नवीन तारीख द्यायचो.

गेल्या आठवड्यात त्यांना ॲडमिट केलं. मुलाचा फोन आला तसा मी सुलट केलेली छोटी प्रिंट खिशात घालून पळालो. सगळ्या रस्त्यात एकच धाकधूक, उशीर तर नाही झाला?

नव्हता झाला. नानांनी फोटो नाकाजवळ धरला. बराच वेळ.

"हां. आते मनी माय."

मग माझ्याकडे बघून, "आनि मोठा?"

"सोमवारी नाना. नक्की. बँकेची परवानगी आली."

"देखाले लई जाजो मग."

"नेतो."

आज सोमवार.

छोटा फोटो मुलानं त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलाय. माझ्यासारख्या कितीजणांना हात धरून उभं करणारा माणूस दुपारी देवपूरहून निघेल. ज्यांना जमेल त्यांनी या.

या नाना. मायला माझा नमस्कार सांगा.

साडेदहाला बँक उघडली. आत डोकावून आलो.

आमच्या दुकानातून गेलेला फोटो अजून उलटाच आहे.