ठिपक्यावर बसणार कोण

माझ्या वडिलांचा अपमान मी केला तो भर दुपारी, दोनशे मुलांसमोर, माइक हातात घेऊन. त्यातला शब्द न् शब्द मला सांगता येतो, कारण त्याचा व्हिडिओ आहे.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आजोबा दुसऱ्याच्या रानात सालानं राबायचे. दादा चार वर्षांचे असताना ते गेले. घरातले पहिले शिकलेले दादा, आणि त्यांच्यामागून मी. मी नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते.

निवृत्तीनंतर दादांनी प्रकाशाचा वेग हातात घेतला. फोन केला की आई म्हणायची, "गणित करून राहिलेत." प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो आणि त्याच्यापुढं काहीच जाऊ शकत नाही, हे त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं मुलांना शिकवलेलं. आता तेच त्यांना पटेनासं झालं होतं. बसस्टँडवरून त्यांनी एक लेझर टॉर्च विकत आणली. भिंतीवर लाल ठिपका पाडायचा आणि मनगट हलवायचं. भिंत जवळ असली तर ठिपका थोडा सरकतो, लांब असली तर तेवढ्याच वेळात खूप सरकतो. मग भिंत चंद्राएवढी लांब असली तर? त्यांनी मांडून पाहिलं. मनगट सेकंदात साठ अंश फिरवलं, तर चंद्राच्या अंतरावर ठिपका सेकंदाला चार लाख किलोमीटर पळतो. म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त.

एक दिवस ते वही घेऊन नांदेडला आले. म्हणाले, "चूक कुठं हाय तेवढं सांग. मला तर दिसंना."

"बघते," मी म्हणाले.

वही मी कॉलेजात नेली आणि कपाटात प्रॅक्टिकलच्या जर्नलांखाली ठेवली. आठ महिने उघडली नाही. पहिले दोन-तीन महिने ते विचारायचे, नंतर विचारणं बंद झालं. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

त्यांनी आमच्या विभागप्रमुखांनाच पत्र लिहिलं. ते पत्र सरांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. दादांचं अक्षर सुरेख, भाषा शाळेतली. 'प्रकाशाहून अधिक वेग शक्य असल्यास गेलेला काळ पाहता येईल काय, याविषयी मार्गदर्शन व्हावे.' सगळे पोट धरून हसले. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळं कुणाला संबंध जोडता आला नाही. सरांनी विचारलं, "मॅडम, हे तुमच्या अहमदपूरकडचे दिसतात. ओळखता का?"

"नाही," मी म्हणाले.

एक सहकारी पत्रावरचं आडनाव बघत म्हणाले, "असले मास्तर नोकरीला कसे लागतात, ते आपल्याला काय माहीत नाही का." त्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला, मलाही कळला. माझ्या पाठीमागं माझ्याबद्दलही असंच बोलत असतील, हे मला ठाऊक होतं. मी खाली बघून चहा पीत राहिले.

विज्ञान दिनाला या गुरुजींनाच बोलवू, असं ठरलं. मुलांची करमणूक होईल, असं सर उघड म्हणाले. संध्याकाळी दादांचा फोन आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मला व्याख्यानाला बोलावलंय. पण तू माझी लेक हायस हे मी त्यांना कळू दिलं न्हाई. वशिला वाटायला नको."

"बरं केलंत," मी म्हणाले. येऊ नका, ते तुमच्यावर हसायला बोलावत आहेत, एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी सांगितलं नाही. आलेच नाहीत तर का आले नाहीत यावरून चर्चा होईल, आणि चर्चेत माझं नाव निघेल, हा हिशोब माझ्या डोक्यात फोन ठेवायच्या आधीच होऊन गेला होता.

ते सकाळच्या पहिल्या एसटीनं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत गुंडाळलेले तक्ते. मी कॉरिडॉरमध्ये समोर आले तेव्हा त्यांनी ओळख दाखवली नाही, फक्त डोळ्यांत थोडं हसले. त्यांना तो आम्हा दोघांतला खेळ वाटत होता.

त्यांनी मुलांना पडदे ओढायला लावले आणि भिंतीवर लाल ठिपका पाडला. ठिपका हळू फिरवला, मग जोरात. पहिली दहा मिनिटं हॉल खरोखर शांत होता. दादा फार चांगलं शिकवतात. इतक्या साध्या शब्दांत ते मला आजही जमत नाही. तेवढ्यात सर बसल्या जागेवरून म्हणाले, "मग गुरुजी, भूतकाळात कधी निघायचं आपण?"

पोरं हसली. दादांना तो प्रश्नच वाटला. ते म्हणाले, "साधन तयार झालं की निघायचं." मग हसू आवरेना. मोबाइल वर आले. सरांनी माइक माझ्याकडं दिला. "मॅडम, तुमचा विषय आहे. विचारा जरा."

खरं उत्तर मला माहीत होतं. दादांचं गणित बरोबर होतं. असा ठिपका प्रकाशापेक्षा वेगानं पळू शकतो, आणि तरीही नियम मोडत नाही, कारण ठिपका ही वस्तूच नाही. इथला उजेड तिथं गेलेला नसतो. प्रत्येक जागी नवा उजेड पोचतो आणि आपल्याला एकच ठिपका सरकल्यासारखा वाटतो. एका खेड्यातल्या शिक्षकानं हे एकट्यानं, कुणाच्या मदतीशिवाय गाठलं होतं. तेवढं बोलले असते तर हॉल गप्प झाला असता.

मी म्हणाले, "गुरुजी, त्या ठिपक्यावर बसणार कोण? तुम्ही?"

छप्पर उडेल असा हशा झाला. दादा हशा थांबेपर्यंत उभे राहिले. मग मला म्हणाले, "ठिपका म्हणजे वस्तू न्हाई, असं म्हणायचंय का मॅडम तुम्हाला?"

ते मला मॅडम म्हणाले. उत्तरही त्यांनीच शोधून माझ्या हातात दिलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं.

"मला असं म्हणायचंय," मी म्हणाले, "की हे दहावीच्या पोरालाही कळतं."

ते खोटं होतं. दहावीच्या पोराला ते कळत नाही, आमच्या एमएस्सीच्या निम्म्या पोरांना कळत नाही.

"बरोबर हाय," दादा म्हणाले. टॉर्च बंद करून त्यांनी खिशात ठेवली, तक्ते एकेक करून गुंडाळले, जयभीम केला आणि खाली उतरले. मागच्या बाकांवरून कुणीतरी त्यांच्या आवाजाची नक्कल केली. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले नाही. गेटजवळ रिक्षाची वाट बघत ते उन्हात उभे होते, ते मी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं. सर म्हणाले, "तुम्ही तर एका वाक्यात उडवलात की त्यांना." मी हसले.

व्हिडिओ दोन दिवसांत गावच्या ग्रुपवर पोचला. त्यात माझा चेहरा दिसत नाही, नुसता आवाज आहे. गावात तो आवाज कुणाचा हे सगळ्यांनी ओळखलं. हॉटेलात दादांना त्यांचेच जुने विद्यार्थी विचारायला लागले, "काय मास्तर, सुटली का ठिपक्याची गाडी?" दादांनी हॉटेलात जाणं सोडलं, मग वाचनालयात जाणं सोडलं.

महिन्याभरानं मी गावी गेले. दादा ओसरीत पेपर वाचत होते. "आलीस का," म्हणाले, एवढंच. आत आई भाकरी थापत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "त्यांना कशाला जायचं होतं मागं, ते कधी विचारलंस का?"

"नाही."

"बापाचं तोंड बघायचं होतं. फोटो न्हाई ना कसला."

मग तिनं सांगितलं. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि थोड्याच दिवसांत वारले. दादांना त्यांचा चेहरा आठवत नाही. त्या दिवसाच्या गर्दीचे फोटो दादांनी जमवले होते. भिंग लावून एकेक माणूस बघायचे. आई एकदा म्हणाली, तोंडच माहीत न्हाई तर ओळखणार कसं? त्यावर दादांनी फोटो आवरून ठेवले. त्यानंतर हे प्रकाशाचं सुरू झालं. तो माणूस त्या दिवशी उघड्या मैदानात उन्हात बसला होता. त्याच्या तोंडावरचा उजेड वर गेला असणार. तो अजून जातोच आहे. त्याला मागं टाकून पुढं गेलं आणि वळून बघितलं, तर दिसेल.

मी बाहेर येऊन दादांजवळ बसले. "तुमचं गणित बरोबर होतं," मी म्हणाले. ठिपक्याचं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे त्या उजेडाला गाठता येतच न्हाई?"

"नाही."

"तिकडं लांब कुठं आरसा असला तर? उजेड परत येईल की."

"तिथं आरसा कोण ठेवणार दादा?"

बोलून झाल्यावर मला माझा सूर ऐकू आला. तोच होता, हॉलमधला. दादांनी पेपरची घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "आणि असला तरी?"

मी खरं ते सांगितलं. एवढ्या लांब जाईपर्यंत एका माणसाच्या तोंडावरचा उजेड इतका विखुरतो, की त्यातून चेहरा जुळवता येत नाही. कुठल्याच दुर्बिणीनं नाही. ते बराच वेळ मान हलवत राहिले, वर्गात एखादा मुलगा बरोबर उत्तर देत असताना हलवायचे तशी.

त्या पावसाळ्यात गावच्या शाळेनं दादांना चांद्रयानावर बोलायला बोलावलं. "आमची लेक प्राध्यापक हाय, तिला बोलवा," त्यांनी सांगितलं. मी गेले. दादा आले नाहीत. बोलणं संपल्यावर नववीतल्या एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, ते व्हिडिओतले मास्तर नेमके चुकले कुठं?" मुख्याध्यापक तिला खाली बसवायला लागले. मी त्यांना थांबवलं. गावाला माहीत असलं तरी ते माझे वडील आहेत आणि त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं, चुकीचं मी बोलले, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. मला हलकं वाटलं. घरी येऊन मी ते दादांना सांगितलं, कौतुक व्हावं तसं.

"आता कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "त्या दिवशी मी सांगितलं न्हाई, ते वशिला नको म्हणून. तू का सांगितलं न्हाईस?"

त्यांना उत्तर हवं नव्हतं. आई चहा घेऊन आली तेव्हा ते उठून परसात गेले आणि माझी एसटी निघायची वेळ झाली तरी आत आले नाहीत.

दादा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात. मी दर रविवारी फोन करते. ते गुडघ्यांचं सांगतात, सोयाबीनचं सांगतात, आणि आईकडं फोन देतात.