मधल्या माणसाचा ग्लास

हिंदुरावमामांना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. माझ्या छापखान्यात आले की ते दारातच उभे राहायचे, एक पाय आत, एक बाहेर, आणि उजवा हात वर चौकटीला. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून उभ्यानं काढलेली, त्यामुळं डोक्यावरचा दांडा हाताला लागला नाही की त्यांना तोल गेल्यासारखं वाटायचं. खुर्ची पुढं सरकवली तर म्हणायचे, "नको लेका. बसलं की मुक्कामाला आलाय असं वाटतंय लोकांस्नी. मला अजून दोन गावं करायची हायती." घरी जेवणही निम्मं उभ्यानंच. मामी ताट घेऊन त्यांच्यामागं फिरायच्या आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "ह्या माणसाच्या पायाला भिंगरी न्हाय, इंजान बसीवलंय."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत छापखान्याला लागून त्यांचं घर. नात्यानं ते माझे कुणीच नव्हेत, पण गल्ली मामा म्हणायची म्हणून मीही मामाच म्हणायचो. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, देवळाच्या कट्ट्यावर बसतात. मामांनी लग्नं जुळवायला घेतली. जिल्ह्यातलं गाव अन् गाव पायाखालचं. कुठली पोरगी पदवीधर झाली, कुणाचा मुलगा एमआयडीसीत कायम झाला, कुठल्या घरातली सासू तिखट आहे, सगळं तोंडपाठ. या कामाचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. मांडवात मानाचा फेटा बांधायचा, एवढंच. जुळलेल्या लग्नाची पत्रिका मात्र माझ्याकडंच छापायला आणायचे, त्यामुळं त्यांच्या पायपिटीवर माझाही थोडा प्रपंच चालला.

"सोयरीक म्हंजे तिकीट न्हवं, फाडलं आन् हातात दिलं," असं ते म्हणायचे. "दोन घरं एकमेकाकडं बगतच न्हाईत, दिलीपा. दोनी घरं मधल्या माणसाच्या तोंडाकडं बगत्यात. त्यो हसला तर बरं चाललंय, त्यो खोकला तर कायतरी बिनसलंय." म्हणून ते मुलीच्या घरी खोकायचेसुद्धा नाहीत. ढास आलीच तर परसात जाऊन, खोकून, तोंड पुसून परत यायचे.

अशा माणसाला साखरेचा आजार जडला. दुसऱ्या कुणाला जडला असता तर गोळ्या आणि पथ्य यांवर भागलं असतं. मामांचं मूळ दुखणं निराळं होतं. त्यांना नको म्हणता यायचं नाही. चहाचं एक बरं असतं. 'बिनसाखरेचा करा' म्हटलं की घरातली बाई उलट आपुलकीनं चौकशी करते, कारण तिच्याही घरात एखादा शुगरवाला असतोच. पण अलीकडं आमच्याकडं पावणं आलं की चहा मागं पडतो आणि थंड येतं. दुकानातून मोठी बाटली आणायची, पावण्यासमोर फुस्स करून फोडायची आणि ग्लास काठोकाठ भरायचा. त्यात कमी साखरेचा ग्लास असा काही प्रकार नसतो. मामांची दिवसाकाठी चार घरं व्हायची आणि चारी घरं प्रेमळ असायची.

डॉक्टरांनी एकदा त्यांना चांगलंच झापलं. म्हणाले, मामा, डोळे जातील, पाय जाईल, मग लग्नं कशी जुळवणार? मामा घाबरले. दुसऱ्याच दिवशी कोडोलीला बघण्याचा कार्यक्रम होता. मुलगी वैशाली, मुलगा गडमुडशिंगीचा. दोघं एकमेकांकडं बघून लाजली, म्हणजे काम फत्ते होतं. नारिंगी रंगाचे ग्लास आले. मामांनी आपला ग्लास हातात घेतला, डॉक्टर आठवले, आणि तो हळूच खिडकीत ठेवून दिला. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं समजून ते निर्धास्त घरी आले.

लक्षात सगळ्यांच्या आलं होतं. मुलगा हसला होता, मुलाच्या आईनं मुलीच्या हातचे पोहे दोनदा मागून घेतले होते, पण मध्यस्थानं ग्लास तसाच भरलेला ठेवला! वैशालीच्या वडिलांनी भावकीला विचारलं, भावकीनं मान हलवली. मुलाकडच्यांना स्थळ नापसंत आहे, मध्यस्थ भला माणूस म्हणून तोंडानं बोलला नाही, एवढंच. त्यांनी मानी माणसासारखं गप्प राहायचं ठरवलं. इकडं गडमुडशिंगीकर वाट बघून वैतागले, की मुलीकडच्यांनाच आपण पसंत नाही. शेवटी वैशालीच्या मावशीनं फोन करून मामांना सांगितलं, "पोरगी जेवंना झालीया. न्हाईच म्हणायचं हुतं तर तोंडावर म्हणायचं की हो."

मामांनी मला छापखाना बंद करायला लावला. माझ्या स्कूटरवर मागं बसले, तेही असे, की कुठल्याही क्षणी उतरून पळतील. कोडोलीत शिरताच उंबऱ्यातूनच ओरडले, "पावणं, थंड आणा! तुमचा ग्लास माज्यावर बाकी ऱ्हायलाय!" उभ्याउभ्या दोन ग्लास घटाघटा प्याले आणि मिशा पुसत म्हणाले, "पोरगं एका पायावर तयार हाय. आता तारीख काढा." वैशालीच्या वडिलांनी त्यांना मिठी मारली. सगळं घर हसत होतं आणि मी दारात उभा राहून चडफडत होतो. परत येताना वाघबीळच्या घाटात मामांनी स्कूटर सारखी थांबवायला लावली. दर वळणावर लघवी, आणि पुन्हा पाण्याची तहान. "मामा, खरं सांगून टाकायचं की, मला शुगर हाय म्हणून," मी म्हणालो. "सांगतो की," ते म्हणाले, "आन् त्येनी म्हणायचं, एका घोटानं काय हुतंय मामा, आमच्यासाठनं घ्या. मग?"

त्याच सुमारास पेपरात येत होतं, की असल्या गोड पेयांवर सरकारनं निर्बंध आणावेत. शाळेजवळ विक्री नको, कर वाढवा, बाटलीवर ठळक इशारा छापा. माझा सरकारवर जुना राग. हा परवाना, तो परवाना, हे जोडा, ते जोडा, यात माझं निम्मं आयुष्य गेलेलं. मी पेपर आपटला. "मामा, सरकारनं रस्त्यातलं खड्डं मुजवावं. माज्या घशात वाकून बगायचं त्येला काय कारण? आज बाटली, उद्या उसाचा रस, परवा गूळ. कोल्हापुरानं खायचं काय मग? आन् कोपऱ्यावरच्या सलीमचा निम्मा धंदा थंडावर हाय, त्यानं काय करायचं?"

मामा चौकट धरून उभे होते. "सलीमचं खरं हाय," ते म्हणाले. "त्येला दुसरं कायतरी इकाया लागंल, आन् त्यो काय खुशीनं इकणार न्हाय. पर माजं ऐक. मी नोकरीला लागलो तवा लोकं गाडीत बिडी वडायची. बायका खोकायच्या, ल्हान पोरं वकायची. मी 'इजवा' म्हटलं की भांडान. एकानं तर माजी कॉलर धरली हुती. मग गाडीत पाटी लागली, धूम्रपानास मनाई. त्या दिसापासनं मी भांडलो न्हाय. नुस्तं बोट दाखवायचो. गडी वर बगायचा, बिडी इजवायचा आन् मलाच म्हणायचा, काय करनार कंडक्टर, नियम हाय सरकारचा. त्येचंबी नाक शाबूत, माजंबी."

"म्हणून सगळ्या मुलखाला पाटी लावायची व्हय? तुमच्या एकट्याच्या भिडंसाठनं?"

"धीट माणसाला कायदा कशाला लागतोय?" मामा म्हणाले. "त्यो नको म्हणतोय आन् जातोय. कायदा आमच्यासारक्या भिडस्तास्नी लागतोय. नको म्हणाया आमाला कुणाचं तरी नाव पायजे." एवढं बोलून ते पन्हाळ्याच्या गाडीला धावत सुटले. मला उत्तर सुचलं, पण ते ऐकायला मामा नव्हते. दुपारभर माझं कामात लक्ष लागेना. भिडस्त माणसांसाठी कायदे करायला लागलो तर देशात दुसरं काही उरणार नाही, असं मी यंत्रावर काम करणाऱ्या मुलींना दोनदा ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि मला आणखी राग आला.

उजव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम मामांना कळलीच नाही. पायाला जाणीवच उरली नव्हती. मामींना चादरीवर डाग दिसला तोवर अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा काढला, मग घोट्यापर्यंत पाऊल. ज्या माणसाला बसवायला आम्ही खुर्च्या पुढं करायचो, तो आता दवाखान्यातल्या खाटेवर पडून होता. पडल्यापडल्या त्यांची बोटं सारखी चादर ओढत राहायची, मान सारखी दाराकडं. मला ते बघवायचं नाही आणि गेल्याशिवाय राहवायचंही नाही.

भेटायला माणसांची रीघ. जुळवलेली सारी लग्नं जोडीनं यायची. आणि आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हातानं कोण येतं? कुणी फळं आणायचं, कुणी बिस्किटं, आणि ऊन वाढलं तसं थंडाच्या बाटल्या. एका दुपारी वैशाली आली, नवऱ्याला घेऊन. तिनं पिशवीतून बाटली काढली, मामींकडून ग्लास मागून घेतला, भरला आणि मामांच्या ओठांशी नेला. "घ्या मामा, उन्हाचं बरं वाटंल." मामांनी तोंड उघडलं. पोरगी एवढ्या लांबून आली होती ना!

माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातला ग्लास हिसकावला आणि मोरीत ओतला. "अक्कल हाय का न्हाय? ह्येनंच पाय गेलाय त्यांचा!" तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग मामांच्या पायाच्या जागी पडलेल्या खोलगट चादरीकडं, आणि तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली. तिच्या नवऱ्यानं बाटलीचं झाकण लावलं आणि तोही तिच्यामागं गेला.

मामा भिंतीकडं तोंड करून पडले. तिकडंच बघत म्हणाले, "तू कोण रं? सरकार हाईस?"

मी रिकामा ग्लास विसळायला लागलो.

"मी जुळीवलेली पोरगी माज्या खाटंवरनं रडत गेली. सासरी काय सांगंल ती? मामाला बगाया गेलतो, हाकलून दिलं. ह्येच काम कायद्यानं केलं असतं तर तिनं बाटली आणलीच नसती. नारळ आणला असता. तीबी खूश, मीबी जित्ता ऱ्हायलो असतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मला माफी मागावीशी वाटली नाही. पुन्हा तसंच घडलं असतं तरी मी ग्लास ओतलाच असता. पण तिचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. वैशालीनं त्यानंतर फोन केला नाही आणि मामा रोज मामींना विचारत राहिले, गडमुडशिंगीचं कुणी आलंय का.

जखम वर चढत गेली. ऐन उन्हाळ्यात मामा गेले. शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले, "दिलीपा, मला जरा उभा कर." डॉक्टर नको म्हणाले. मी डॉक्टरांचं ऐकलं, आणि ते आजही मला खातं.

उत्तरकार्याला गल्लीत मांडव घातला. जिल्ह्याच्या चारी टोकांची माणसं आली, वैशालीही आली, माझ्याकडं न बघता मामींच्या गळ्यात पडली. ऊन रणरणत होतं. मामांच्या भाच्यानं माणसांची कीव येऊन थंडाचे दोन क्रेट आणवले. पोरं ग्लास भरायला लागली. मी मामींकडं बघितलं. मला वाटलं, ही बाई आता उठेल, ते क्रेट गटारात ओतेल, आणि तसं झालं तर मी तिच्या पाया पडेन. भाचा तिला विचारत होता, "मामी, वाटू न्हवं?"

मामी लाल डोळ्यांनी मांडवाकडं बघत होत्या. "वाट की," त्या म्हणाल्या. "लांबनं आल्यात माणसं."

भाचा एकेकाच्या हातात ग्लास देत माझ्यापर्यंत आला. "काका, घ्या. मामांच्या नावानं घ्या." मी नको म्हणायला तोंड उघडलं. शेजारी गडमुडशिंगीकर, समोर कोडोलीकर, साऱ्यांच्या हातात ग्लास, आणि साऱ्यांचे डोळे माझ्याकडं. मी ग्लास घेतला आणि प्यालो. गिळताना मला एवढंच वाटत होतं, कुणीतरी येऊन हा माझ्या हातातून काढून घ्या रे, मग ते सरकार असलं तरी चालेल.