लाँचच्या टाकीचा वास

पाटबंधाऱ्यातली जुनी मंडळी जमली की धरणाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तापीवर एवढं पाणी अडवलं, पण आठवणी निघतात त्या आमच्या लाँचच्या, आणि त्यातही तिच्या शौचालयाच्या टाकीच्या. ऐंशीच्या दशकात मी तिथे क्लार्क होतो. लाँच चालवायचे पारोळ्याचे नाना.

*

टाकी लाँचच्या पोटात. उन्हाळ्यात असा वास सुटायचा की आलेले पाहुणे धरण न बघताच माघारी फिरायचे. स्टोअरकीपरने फिनेलचा अख्खा डबा ओतवला. दोन दिवस बरे गेले, मग वास दुप्पट. नाना म्हणाले, "बठ्ठं फिनेल पी गई, तरी वास मारस."

*

एकदा मोठे साहेब येणार म्हणून मी शौचालयात उदबत्तीचा पुडाच लावला. साहेब दाराशी आले, चपला काढल्या आणि हात जोडले. मी दार उघडलं.

कोणी हसलं नाही. महिन्याभरात वास गेला नाही तर लाँच बंद आणि ड्रायव्हरची बदली लांब साक्रीला, एवढं बोलून साहेब गेले. पारोळ्याला नानांची आई अंथरुणाला खिळलेली. त्या दुपारी नानांनी ताट तसंच परत पाठवलं.

*

रेस्ट हाऊसवर स्वयंपाक करणाऱ्या अक्कांनी ताट पाहिलं, कारण विचारलं, आणि गरम पाण्यात पिळलेलं फडकं घेऊन थेट लाँचवर आल्या. टाकीकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला ते गुंडाळलं. थोड्या वेळाने सोडून नानांच्या नाकाशी धरलं. नाना मागे सरकले.

"कुकरचं रबर असंच वास धरतं," अक्का म्हणाल्या. "टाकीला काय शिव्या देता?"

नवा पाइप आला. तो बसवताना नानांना दिसलं की टाकीची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. तारेने नळी मोकळी केली. फिनेल बंद, दर वेळी भरपूर पाणी. आठवड्यात वास गेला.

*

महिन्याने तपासणीला दुसरेच अधिकारी आले. लाँचभर फिरले, वहीत काहीतरी टिपून गेले. नाना रोज टपाल बघायचे. आठव्या दिवशी लखोटा आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला, मी फोडला. आत एकच वाक्य होतं:

"लाँचवरील शौचालय कोणाच्या परवानगीने काढून टाकले, याचा खुलासा करावा."

नानांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग कागद खिशात घातला आणि आईला दाखवायला संध्याकाळच्या एसटीने पारोळ्याला गेले.