शेडातला दहीभात

यंदा बागेवर भुरी आली. कितीही औषध मारा, हटायचं नाव नाही. आमचे मालक म्हणाले, आपलं लग्न झालं त्या सालीही अशीच आली होती, आईच्या वहीत बघ तेव्हा काय मारलं होतं ते. आमच्या तासगावकडं द्राक्षबाग असलेल्या घरी फवारणीची वही असतेच. कोणत्या दिवशी कोणतं औषध, किती पाण्यात, सगळं लिहायचं. आमच्यात मामंजी सांगायचे आणि सासूबाई लिहायच्या, कारण घरात अक्षर तेवढं त्यांचंच चांगलं. सातवी शिकलेल्या होत्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. माळ्यावरचा वह्यांचा गठ्ठा मीच काढला, शिंकत शिंकत.

उन्हाळ्यातली खरड छाटणी झाली की बाग जरा दम घेते, फवारण्या कमी, वहीची पानं कोरी राहतात. त्या सालच्या वहीत नेमक्या त्या पानांवर सासूबाईंनी गोष्ट लिहिली होती. मला आधी हसूच आलं. ज्या बाईनं जन्मात कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही, ती गोष्ट लिहिते म्हणजे नवलच की!

'एका गावी एक बाई होती. ती भुतांना भीत नसे, कारण तिला कामे फार होती.' अशी सुरुवात. मला आवडलीच ती. गॅसवरचा चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

गोष्टीतल्या बाईच्या बेदाण्याच्या शेडात भर दुपारी कुणीतरी रडतं. घरचे सगळे झोपलेले असतात. बाई दाराशी जाऊन ऐकते, आत जात नाही. भूत उपाशी असलं की रडतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं असतं. मग ती पत्रावळीवर दहीभात वाढते, तोंडाला चव यावी म्हणून लिंबाची फोड ठेवते आणि पत्रावळ शेडाच्या दारात ठेवून मागं सरते.

त्या शेडात रडणारी मी होते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि पोटातलं तीन महिन्यांचं गेलं. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चार दिवसांनी मी पुन्हा भाकऱ्या थापायला बसले. बेदाणा विकून शेड रिकामं पडलं होतं. दुपारी सगळी आडवी झाली की मी तिथं जायची आणि रडून घ्यायची. एक दिवस बाहेर पडताना बघते तर दारात दहीभात आणि कापलेलं लिंबू. उतारा! कुणीतरी आपली पीडा काढून माझ्या वाटेत टाकली, दुसरं काय समजणार माणूस? काठीनं लांब ढकलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी भिंतीआड वळताना सासूबाईंचा पदर दिसला. हातच्या काकणाला आरसा कशाला? हिनंच करणी केली, हिनंच माझं लेकरू घालवलं, असं मनात पक्कं बसलं. माहेरी सांगितलं, शेजारणींना सांगितलं. एवढी मी तोंडाची फटकळ, पण तिला एकटीला कधी विचारलं नाही.

'तिसऱ्या दिवशीही भात तसाच होता. बाईला वाटले, भुताला आपल्या हातचे आवडत नसावे. आत जाऊन विचारावे असे तिच्या फार मनात होते.' पुढं काही नाही. पान उलटलं तर भुरीसाठी गंधक मारल्याची नोंद.

आत मी आहे हे तिला ठाऊक होतं का? का खरंच भूत समजली होती? वहीचं पान न् पान चाळलं, कुठं काही नाही. आता दुपारी शेडात गेले की मला दाराकडं पाठ करवत नाही. कुणीतरी पत्रावळ घेऊन बाहेर उभं आहे असं वाटत राहतं. आत या म्हणावं तर जीभ उचलत नाही, आणि बघायला गेलं तर नुसतं ऊन असतं.

संध्याकाळी मुलगा बागेतून आला. कॉलेज संपवून आता तोच बाग बघतो. वही त्याच्या हातात दिली. उभ्या उभ्याच वाचली त्यानं. यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळं लय भारी लिहिलंय म्हणाला. मग त्यानं वही मिटली.

"आजी भुताला बी भात ठेवायची," तो म्हणाला. "मला कवा एक घास भरवला न्हाई. मी आवडत नव्हतो का गं तिला?"

तो रांगायला लागल्यापासून ती रोज वाटी घेऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी यायची. ती दिसली की मी त्याला उचलून आत न्यायची आणि दार लावून घ्यायची.

"आणायची रं," मी म्हणाले. "मीच तुला तिच्या हातचं खाऊ देत न्हवते."